एअर रायफलची पेलेट घेताना आधी डबीवरचा लॉट नंबर बघा

(दहा मीटर नेमबाजीच्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

‘सगळ्यात भारी पेलेट कुठली?’ असं आमच्या दुकानात कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो, रायफल कुठली आहे आणि आधीची डबी सोबत आणली का? रायफलचं नाव लगेच मिळतं. डबी मात्र बहुतेकांनी संपल्यावर फेकून दिलेली असते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेत वापरायची शिशाची छोटी गोळी, ४.५ मिमीची आणि सपाट तोंडाची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासची चालते, पिस्तुलवाले बहुधा ०.४५ ग्रॅमची हलकी घेतात. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी या तिन्ही कंपन्यांच्या वरच्या प्रतीच्या पेलेट चांगल्याच आहेत. कंपनीवरून वाद घालण्यापेक्षा डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला त्याचा नंबर बघा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, ४.५० असंच छापलेल्या दोन डब्या वेगळ्या लॉटच्या असल्या तर तुमच्या बॅरलमधून (नळीतून) वेगळा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर शॉटचा वेगळा झुबका देऊ शकतात. साचे झिजतात, बदलले जातात, शिसं नव्या खेपेचं येतं. अर्ध्या स्वेटरला लोकर कमी पडली आणि त्याच रंगाची दुसऱ्या लॉटची आणली, तर जोड दिसतोच, तसंच हे.

नेहमी घडतं ते असं. खेळाडू एक डबी नेतो, ग्रुप छान बसतो, सगळे खूश. स्पर्धेच्या तोंडावर तो ‘तीच द्या’ म्हणून येतो, तोवर तो लॉट संपलेला असतो. नव्या डबीवर शॉट पसरायला लागतात. मग कोच स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) बदलून बघतात, बट प्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) वरखाली होते, ट्रिगरचं वजन बदलतं. यात सरावाचे मोलाचे दिवस जातात आणि पोरगं आपलंच चुकतंय म्हणून खचतं. म्हणून एक डबी पसंत पडली की त्याच आठवड्यात तिचा नंबर आम्हाला कळवा आणि स्पर्धेपर्यंत पुरेल एवढा माल त्याच लॉटमधून घ्या. रोज शंभर शॉट मारणाऱ्याला ५०० ची डबी पाच दिवस पुरते, त्या हिशेबाने बघा.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असं पालक विचारतात. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो. दशांश गुणांत पाव मिमी बाहेर गेलात की ०.१ गेला. साठ शॉटमध्ये दर शॉटमागे तेवढाच गेला तरी एकूण सहा गुण जातात. पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजतात, त्यामुळे नव्या पिस्तूल खेळाडूंना आम्हीच सांगतो की लॉट टेस्टवर (शॉट मारून लॉट तपासण्यावर) आत्ता खर्च करू नका.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेंना कांस्य मिळालं, तेव्हापासून ‘ते मारतात तीच द्या’ अशी मागणी होते. त्यांचं पदक ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), म्हणजे .२२ च्या काडतुसांचं आहे. ती एअर रायफलमध्ये चालत नाहीत. मात्र .२२ चे मोठे खेळाडूही काडतुसांचे लॉट तपासूनच घेतात, हे त्यांच्याकडून जरूर घ्या.

टेस्ट आमच्याकडे वाइसमध्ये (शिकंजात) रायफल बांधून होते. लॉट बदलला की आधी काही शॉट नुसते मारतो, म्हणजे बॅरल त्या पेलेटला बसते. मग दहा-दहाचे दोन ग्रुप, आणि व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) बाहेरून बाहेरपर्यंतचं माप. दोन्ही ग्रुप सारखे आले तरच लॉट पास. एक सुंदर आणि एक पसरट आला तर आम्ही तो लॉट देत नाही. याचे पैसे घेतो, कारण माणूस, वेळ आणि पेलेट तिन्ही लागतात. त्याच लॉटचा माल घेतलात तर टेस्टची रक्कम बिलातून वजा होते.

उघडलेली डबी परत घेत नाही, यावर काहींचा राग असतो. पेलेटची मागची कड, म्हणजे स्कर्ट, पातळ शिशाची असते. हवेच्या दाबाने ती फुलून बॅरलला घट्ट बसते. बारीकसा पोचा आला तरी हवा एका बाजूने निसटते आणि शॉट भरकटतो. डबी गाडीच्या डिकीत खडखडत गेली, पेलेट खिशात ओतली किंवा जमिनीवर पडली की असे पोचे येतात, आणि ते नुसत्या नजरेला सहज दिसत नाहीत. अशी डबी दुसऱ्या खेळाडूला कशी विकायची? डबी फोममध्ये ठेवा, पडलेली पेलेट मॅचला वापरू नका. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते. तशी पेलेट रायफलमध्ये घालू नका. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना डबा खाऊ देऊ नका. हे शिसं आहे.

टेस्टला येताना रायफल स्वतःची आणा, बॅरल साफ करून आणा आणि रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असू द्या. नसेल तर २०० बारपर्यंत आमच्याकडे भरून मिळेल. क्लबची चार-पाच मुलं एकत्र येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे पसंत पडणारा लॉट सगळ्यांना पुरेल एवढा बाजूला काढून ठेवता येईल.