औद्योगिक प्रदर्शनासाठी कर्मचाऱ्यांची तयारी : मराठवाडा

औद्योगिक, कृषी किंवा हस्तकला प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या व्यवसायाने तिथे उभी राहणारी माणसे निवडणे, त्यांना माल, भाव आणि बोलण्याच्या मर्यादा समजावून देणे व आलेली चौकशी नोंदवायला शिकवणे, या सगळ्याला मिळून ही तयारी म्हणतात. मराठवाड्यातील लहान उद्योगांत ती बहुधा आदल्या दोन-चार दिवसांत उरकली जाते. फ्लेक्स, ब्रोशर आणि स्टॉलची जागा यांवर मालकाचे जितके लक्ष असते तितके स्टॉलवरच्या माणसांवर नसते, आणि खर्च वाया जातो तो बहुतेक याच ठिकाणी.

प्रदर्शन ही गोष्ट या भागाला नवी नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादची ‘नुमाइश’ १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी सुरू केली. आजही ती दरवर्षी बहुधा १ जानेवारीपासून भरते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत जनावरांच्या बाजाराबरोबर कृषी प्रदर्शनही असते. अशा बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. कारखान्यातून स्टॉलवर आलेल्या माणसाला मात्र शिकवावे लागते, आणि त्याचे कारण इथल्या उद्योगाच्या घडणीत आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळचा बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान-मध्यम कारखाने उभे राहिले. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींची ओळखच वाहन उद्योगाशी जोडली गेली. अशा पुरवठादाराकडे काम येते ते एक-दोन मोठ्या ग्राहकांच्या शेड्यूलवर. ड्रॉइंग तिकडून, मालाचा दर्जा तिकडून, ऑडिट म्हणजे कारखान्याची तपासणीही तिकडूनच. त्यामुळे इथल्या सुपरवायझरला ऑडिटरपुढे कसे उभे राहायचे हे चांगले ठाऊक असते. पण ज्याला आपले नावही माहीत नाही अशा माणसाला ‘आम्ही काय करतो’ हे सांगायची वेळच त्याच्यावर आलेली नसते. प्रदर्शनात जायचे ते दुसरा ग्राहक शोधायला, आणि नेमकी तीच सवय नसते. तयारीचा खरा विषय हा आहे. हसतमुख राहा, खुर्चीत बसून मोबाइल पाहू नका, स्टॉलवर डबा उघडू नका या सूचना योग्यच आहेत, पण त्या पाच मिनिटांत सांगून होतात.

निवडीपासूनच चूक होते. ज्याच्यावाचून प्रॉडक्शन अडत नाही त्याला पाठवायचे, ही सर्रास पद्धत. उद्घाटनाला मालक हजर, नंतर स्टॉल नव्या पोराच्या हवाली. समोर एक टर्न केलेला, म्हणजे लेथवर घडवलेला, शाफ्ट ठेवलेला असतो. पुण्याहून आलेला खरेदी अधिकारी तो उचलतो, बोट फिरवून फिनिश पाहतो आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते विचारतो, “या व्यासावर टॉलरन्स किती धरता?” पोरगा म्हणतो, “सगळं होतं साहेब, तुम्ही सांगाल तसं.” अधिकारी शाफ्ट खाली ठेवतो आणि ब्रोशर घेऊन निघतो. तिथे मशीनवरचा अनुभवी ऑपरेटर असता तर म्हणाला असता, “वीस मायक्रॉन नेहमीचं आहे. त्याच्या खाली ग्राइंडिंग करावं लागतं, ते आम्ही बाहेरून करून घेतो.” उत्तरात एक ‘नाही’ आहे, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. इंग्रजी कच्चे म्हणून अशा माणसाला मागे ठेवणे हा घाट्याचा सौदा आहे. बोलणारा आणि जाणणारा अशी जोडी उभी करणे हा त्यावरचा उपाय, आणि अनुभवी कारखानदार तेच करतात.

काय बोलायचे नाही हेही आधी ठरवावे लागते. पुरवठादाराने बनवलेल्या भागाचे ड्रॉइंग बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचे असते. तो भाग स्टॉलवर मांडायला, त्या कंपनीचे नाव घ्यायला किंवा फोटो काढू द्यायला लेखी परवानगी लागते. कोणाला किती नग जातात, कोणत्या भावाने जातात हे सहज गप्पांत निघून जाते, आणि विचारणारा कधीकधी शेजारच्या गल्लीतला स्पर्धकच असतो. भावाबाबतही तसेच. जागेवर अंदाजे आकडा सांगायची मुभा कोणाला, आणि ‘ड्रॉइंग पाठवा, कोटेशन देतो’ एवढेच कोणी म्हणायचे, हे नावानिशी ठरलेले बरे.

जालन्याच्या बियाणे उद्योगात प्रश्न वेगळा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको स्थापन केली आणि त्यापाठोपाठ जालना बियाण्यांचे शहर झाले. कृषी प्रदर्शनात स्टॉलपुढे येणारा शेतकरी एकटा नसतो. भावकीतले चौघे बरोबर असतात, त्यांतला एक ऐकतो आणि तिघे पारखतात. “एकरी उतारा किती?” हा पहिला प्रश्न. “पंधरा क्विंटल कुठं गेलं नाही, मामा,” असे छातीठोक सांगणारा प्रतिनिधी पुढच्या हंगामातल्या तक्रारीची पेरणी करत असतो. कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, कोणत्या तारखेच्या पेरणीला काय आले एवढेच त्याने सांगावे, आणि पिशवीवरचे लेबल वाचून दाखवता यावे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण हा ठरलेला निकष आहे. हे माहीत असलेला प्रतिनिधी शेतकऱ्याला घरच्या बियाण्याची उगवण तपासायची रीतही सांगू शकतो, आणि अशा स्टॉलपुढे माणसे थांबतात.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांनाही ते आहे. विणकर, शेतकरी कंपन्या आणि ‘उमेद’ या ग्रामीण उपजीविका अभियानातील महिला बचत गट मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ या विक्री प्रदर्शनाला माल घेऊन जातात. या गटांची तयारी अनेकदा कारखान्यांपेक्षा चोख असते, कारण विक्री जागेवरच होते आणि चूक संध्याकाळच्या हिशेबात दिसते. ताई आळीपाळीने उभ्या राहतात, एक चव द्यायला आणि एक पैसे घ्यायला. त्यांची अडचण घासाघीस ही. शहरी गिऱ्हाइकापुढे संकोचून भाव पटकन उतरवला जातो, आणि मग शेजारच्या गटालाही उतरवावा लागतो. पैठणीच्या स्टॉलवर हातमागाची साडी आणि यंत्रमागाची साडी उलटी करून दोन्हींतला फरक दाखवता येणे, ही एक गोष्ट जमली तरी भाव टिकतो.

चौकशी नोंदवणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. चार दिवसांनी मालकाच्या टेबलावर व्हिजिटिंग कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा येतो, आणि कोण कशासाठी आला होता हे कोणालाच आठवत नाही. माणूस वळताच कार्डाच्या मागे दोन ओळी लिहायच्या: कोणता भाग, महिन्याला किती नग, सध्या कोणाकडून घेतो, कधी फोन करायचा. त्यासाठी प्रतिनिधीला विचारता आले पाहिजे. “तुम्ही काय बनवता?” हा साधा प्रश्न आधी विचारला की पुढचे बोलणे सोपे होते, आपल्याच मशीनची यादी म्हणत सुटणाऱ्याला समोरच्याची गरज कळतच नाही. संध्याकाळी स्टॉल झाकल्यावर पंधरा मिनिटे बसून दिवसभराची कार्डे वेगळी करणे हेही वेळापत्रकातच धरावे.

सरावासाठी फार काही लागत नाही. कॅन्टीनमध्ये टेबल मांडून अकाउंटंटला ग्राहक करायचे आणि आडवेतिडवे प्रश्न विचारायला लावायचे. अकाउंटंट भावावर सोडत नाही, म्हणून तो उत्तम ग्राहक ठरतो. ‘मसिआ’ या लघुउद्योजकांच्या संघटनेचे औद्योगिक प्रदर्शन छत्रपती संभाजीनगरातच भरते. जानेवारी २०२४ मध्ये ते शेंद्र्याच्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीत झाले. घराजवळच्या अशा प्रदर्शनात नव्या माणसांना उभे करून पाहायचे आणि मग बंगळुरूच्या ‘इमटेक्स’ या मशीन टूल प्रदर्शनासारख्या मोठ्या ठिकाणी न्यायचे, हा क्रम परवडणारा आहे. बंगळुरूत तीन बाय तीन मीटरच्या स्टॉलचे भाडे, प्रवास आणि राहणे मिळून खर्च बराच होतो. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेतून पात्र उद्योगांना भाड्याचा भाग परत मिळतो. त्यासाठी ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी लागते आणि अर्ज आधी करावा लागतो, तेव्हा हे काम कोणाकडे द्यायचे तेही स्टॉल बुक करतानाच ठरवावे.

परतल्यावर प्रतिनिधीला दुसऱ्याच दिवशी शिफ्टला जुंपले की कोटेशन रखडतात. पहिला आठवडा त्याच्याकडे फोन, नमुने आणि कोटेशन एवढेच काम ठेवावे, आणि ज्याने स्टॉलवर बोलणे केले त्यानेच फोन करावा. “शाफ्टबद्दल बोललो होतो ना साहेब, तोच मी,” एवढी ओळख पुढचे बोलणे सुरू करायला पुरते.