बेसिंगस्टोकची खालची पेठ : एका पाडलेल्या गावाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ज्यांनी इंग्रजी साहित्य किंवा समाजशास्त्र शिकले, त्यांच्यापैकी अनेकांच्या नजरेखालून एक पत्ता नकळत गेलेला असतो. मॅकमिलन आणि नंतर पालग्रेव्ह मॅकमिलन या प्रकाशनसंस्थांच्या पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला तो बारीक टाइपात छापलेला असे : हाउंडमिल्स, बेसिंगस्टोक, हॅम्पशायर. हाउंडमिल्स ही औद्योगिक वसाहत आहे, आणि लंडनमधली माणसे, कारखाने व कचेऱ्या राजधानीबाहेर हलवण्याच्या धोरणामुळे ज्या गावाचा चेहरामोहरा अवघ्या दहा-पंधरा वर्षांत पालटला, त्या इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावाच्या वायव्येला ती वसली आहे. बेसिंगस्टोकचे नाव आज निघते ते बहुधा काचेच्या कचेऱ्या आणि एकामागून एक येणारे वाहतुकीचे गोल चौक यांच्या संदर्भात. मात्र गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी वोट स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीट या दोन उतरत्या रस्त्यांभोवतीच घुटमळतात. त्या आठवणींचे वजन समजून घ्यायचे, तर काय होते, काय पाडले गेले आणि कोणी ठरवून पाडले, हे क्रमाने पाहायला हवे.

हे गाव नव्याने वसवलेले नाही, ही पहिली गोष्ट. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीच्या दप्तरात, बेसिंगस्टोकच्या बाजाराची नोंद आहे. गावाची रचना उताराची होती. वर बाजारचौक, लंडन स्ट्रीट आणि विंचेस्टर स्ट्रीट. खाली लॉडन नदीचा ओहोळ. आणि या दोहोंना जोडणाऱ्या, दुतर्फा दुकाने असलेल्या वोट स्ट्रीट व चर्च स्ट्रीट. १७९४मध्ये बेसिंगस्टोकचा कालवा सुरू झाला आणि वोट स्ट्रीटच्या पायथ्याशी मालाच्या होड्यांचा धक्का आला. १८३९मध्ये लंडनहून लोहमार्ग पोचला आणि ओहोळाच्या पलीकडच्या चढावर स्टेशन उभे राहिले. त्यामुळे स्टेशनातून बाजारचौकाकडे जाणारा प्रत्येक माणूस खालच्या पेठेतूनच वर चढत असे. कसायांची, लोहारकामाची, शिंप्यांची, धान्य-बियाण्यांची दुकाने तिथे टिकली ती या वाटसरूंच्या जिवावर. याच गावात १८५६मध्ये एकवीस वर्षांच्या थॉमस बर्बरीने कापडाचे दुकान उघडले आणि पुढे पावसाला दाद न देणारे गॅबर्डीन कापड तयार केले. याच गावात वॉलिस अँड स्टीव्हन्स कंपनीचे वाफेवर चालणारे रोडरोलर बनत. आणि १८९८मध्ये आलेल्या थॉर्नीक्रॉफ्टच्या मालट्रकच्या कारखान्याने तर गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पिढ्यान् पिढ्या पेटत्या ठेवल्या. शेतकऱ्यांचा बाजार आणि यंत्रांचे कारखाने एकाच गावात नांदत होते. ‘झोपाळू खेडे’ हे जे वर्णन नंतर रूढ झाले, ते मला या गावावर अन्याय करणारे वाटते. १९६१मध्ये इथली वस्ती सुमारे २६,००० होती.

बदलाचे मूळ मात्र बेसिंगस्टोकमध्ये नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेक आणि त्याआधीपासूनची दाटी यांमुळे लंडनमध्ये लाखो कुटुंबे न्हाणीघर नसलेल्या, ओलसर खोल्यांत राहत होती. नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांच्या १९४४च्या बृहत्-लंडन आराखड्याने या माणसांना राजधानीभोवतीच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे हलवण्याची दिशा दिली. १९४६च्या कायद्याने नवी शहरे उभारण्यासाठी स्वतंत्र महामंडळे नेमण्याची सोय झाली आणि हर्टफर्डशायरमधील स्टीव्हनेजची निवड पहिली ठरली. तिथल्या गावकऱ्यांनी मंत्री लुईस सिल्किन यांची भरसभेत हुर्यो उडवली आणि स्टेशनवरच्या पाटीवर गावाचे नाव, रशियन शहरांच्या नावांच्या धर्तीवर, ‘सिल्किनग्राड’ असे रंगवले. बेसिंगस्टोकला पुढे ‘बेसिंगग्राड’ हे टोपणनाव पडले, त्याची वाट इथूनच जाते.

बेसिंगस्टोकचा मार्ग मात्र वेगळा होता. १९५२च्या नगरविकास कायद्यानुसार, महामंडळ न नेमता, अस्तित्वात असलेल्या एखाद्या गावाने महानगराची जादा वस्ती करारान्वये स्वीकारायची आणि त्यासाठी सरकारी साहाय्य घ्यायचे, अशी व्यवस्था होती. या जादा वस्तीला सरकारी भाषेत ‘ओव्हरस्पिल’ म्हणत. भांडे भरून जे सांडते ते, असा त्या शब्दाचा अर्थ. आणि ज्या कुटुंबांना तो लावला गेला त्यांना तो कसा लागला असेल, याचा विचार तो वापरणाऱ्यांनी केला असेल असे वाटत नाही.

लंडनचा कारभार पाहणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलची पहिली पसंतीही बेसिंगस्टोक नव्हते. तिथून पूर्वेला काही मैलांवर असलेल्या हूक या खेड्याभोवती एक लाख वस्तीचे संपूर्ण नवे शहर उभारण्याचा तपशीलवार आराखडा कौन्सिलच्या वास्तुरचनाकारांनी तयार केला होता. हॅम्पशायरमधून त्याला कडाडून विरोध झाला. शेतजमीन जाणार आणि काउंटीच्या मधोमध एक परके शहर येणार, ही त्यामागची धास्ती होती. तडजोड म्हणून असे ठरले की हूकचा नाद सोडावा आणि त्याऐवजी बेसिंगस्टोक, अँडोव्हर आणि टॅडली या वस्त्या वाढवाव्यात. ऑक्टोबर १९६१मध्ये लंडन काउंटी कौन्सिल, हॅम्पशायर काउंटी कौन्सिल आणि बेसिंगस्टोकची बरो कौन्सिल, म्हणजे गावाची नगरपालिका, अशा तिघांनी करारावर सह्या केल्या. गावाची वस्ती जवळजवळ तिप्पट करण्याचा हा संकल्प होता. हूकचा आराखडा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी तो जगभर अभ्यासला, पण त्यातले शहर कधी उभे राहिले नाही. हूकची शेते वाचली आणि बेसिंगस्टोकची पेठ गेली, हे या प्रकरणाचे मर्म आहे आणि आठवणी सांगणाऱ्यांपैकी फार थोडे ते सांगतात.

वस्ती तिप्पट होणार तर बाजारही त्या मानाने हवा, हा पुढचा हिशेब. नव्या वसाहती गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर होणार होत्या, परंतु नवे व्यापारी केंद्र जुन्या गावाच्या खालच्या अंगालाच बांधायचे ठरले. तो भाग सक्तीने संपादित करून १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जमीनदोस्त करण्यात आला. वोट स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीट यांचे खालचे भाग, ब्रूक स्ट्रीटचा परिसर आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्या गेल्या. जर्मन विमानांनी ऑगस्ट १९४०मध्ये चर्च स्क्वेअरवर बॉम्ब टाकले होते आणि सेंट मायकेलच्या चर्चलाही झळ पोचली होती. पण ते चर्च वाचले, शेजारचे चर्च कॉटेज वाचले, आणि युद्धातून सुखरूप बाहेर पडलेली पेठ मात्र शांततेच्या काळात नकाशावरून पुसली गेली.

पाडापाडीची वेळही वाईट होती. संपूर्ण परिसराला वारसा म्हणून संरक्षण देण्याची सोय इंग्लंडमध्ये १९६७च्या कायद्याने आली, तोवर इथले निर्णय होऊन गेले होते. घर सोडावे लागणाऱ्या रहिवाशाला जागेच्या किमतीखेरीज वेगळी रक्कम देण्याची तरतूद तर १९७३च्या भरपाई कायद्यात प्रथमच झाली. भाड्याच्या गाळ्यात आयुष्य काढलेल्या दुकानदाराच्या हातात इमारतीची किंमत पडत नसे, कारण इमारत त्याची नव्हतीच. त्याची मालमत्ता म्हणजे दारावरून जाणारी ओळखीची गिऱ्हाइके, आणि नव्या केंद्रातील गाळ्यांचे भाडे परवडणारे तिथे थोडेच होते.

जे उभे राहिले ते त्या काळाच्या विचाराला धरून होते. कॉलिन बुकॅनन यांच्या शहरांतल्या वाहतुकीवरील १९६३च्या अहवालाने पादचारी आणि मोटारी यांना वेगळे करण्याचा आग्रह धरला होता. बेसिंगस्टोकमध्ये गावाच्या उताराचाच उपयोग करून, ओहोळाच्या खोलगट भागावर काँक्रीटचा प्रचंड ओटा बांधला, वर दुकाने आणि चालण्याच्या जागा ठेवल्या, आणि मालाच्या गाड्या खालून फिरवल्या. कल्पना म्हणून ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही; मुलाचा हात सोडून आईला दुकानांसमोर निर्धास्त उभे राहता यावे, ही त्यामागची इच्छा प्रामाणिक होती. परंतु स्टेशनच्या बाजूने येणाऱ्याला आता पेठेऐवजी काँक्रीटची उंच भिंत दिसू लागली. लोकांनी तिला ‘बेसिंगस्टोकची महाभिंत’ म्हटले. लॉडन नदी त्या साऱ्याखाली बंदिस्त झाली आणि ईस्ट्रॉप पार्कात पुन्हा उघड्यावर आली. कालव्याच्या धक्क्याच्या जागी बसस्थानक आले. कालवा त्याआधीच, १९३२मध्ये ग्रेवेलचा बोगदा ढासळल्यावर, गावापासून तुटला होता.

वरच्या गावाला लोक आता ‘टॉप ऑफ द टाउन’ म्हणतात. ते पाडले गेले नाही. पण त्याचा उतरणीवरचा अर्धा भाग नाहीसा झाल्यावर गर्दी खालच्या नव्या केंद्राकडे गेली आणि बाजारचौक मागे पडला. आजही बाजारचौकातून वोट स्ट्रीटने खाली निघालो की पहिली काही मिनिटे विटांच्या, दोन-तीन मजली, एकमेकींना खांदे लावून उभ्या असलेल्या इमारती सोबत करतात, पायांना उतार जाणवत राहतो, आणि मग रस्ता वळत नाही की अरुंद होत नाही, तर व्यापारी केंद्राच्या तोंडाशी येऊन संपतो. स्टेशनकडे जाणाऱ्याला त्या केंद्रातून पार व्हावे लागते.

या गावाच्या आठवणी एका जातीच्या नाहीत, हे मात्र आवर्जून नोंदवले पाहिजे. लंडनहून आलेल्या कुटुंबांना बहुधा नोकरीच्या जोडीने घर मिळत असे : इथे हललेल्या कारखान्यात काम असेल तर वसाहतीत भाड्याचे घर. ज्यांनी बालपणी शेजाऱ्यांबरोबर एक शौचालय वाटून घेतले होते, त्यांना विंकलबरी, पॉप्ली किंवा ओकरिजच्या घरात स्वतःचे न्हाणीघर आणि मागे हाताएवढी का होईना बाग मिळाली. ब्रायटन हिल वसाहतीतील रस्त्यांना तर संगीतकारांची नावे आहेत. या लोकांच्या बोलण्यात चिखल येतो, सासर-माहेर दोन्ही लंडनला राहिल्याचे एकटेपण येते, पण पेठेचा शोक येत नाही. ती त्यांनी पाहिलेलीच नव्हती. मूळ गावकरी त्यांना परके मानत आणि पेठ त्यांच्यासाठी पाडली गेली असा बोल लावत. वास्तविक त्यांच्यापैकी कोणाच्याही संमतीची सही करारावर नव्हती. सही होती ती गावाच्याच बरो कौन्सिलचीही.

पुढे जाब विचारायचा, तर करार करणारेही फारसे उरले नाहीत. लंडन काउंटी कौन्सिल १९६५मध्येच विसर्जित झाली. जुनी बरो कौन्सिल १९७४च्या फेररचनेत मोठ्या जिल्ह्यात विलीन झाली. तिघांपैकी हॅम्पशायरची काउंटी कौन्सिल तेवढी टिकून राहिली.

त्यामुळे जाब विचारण्याची जागा जपणुकीने घेतली. घड्याळजी जॉर्ज विलिस यांनी १९३१मध्ये सुरू केलेले संग्रहालय आज बाजारचौकातील जुन्या टाउन हॉलमध्ये आहे. तिथे गावाच्या जुन्या वस्तू आणि चित्रे पाहायला मिळतात. २०१७मध्ये जेन ऑस्टिन यांच्या निधनाला दोनशे वर्षे झाली तेव्हा त्यांचा पुतळा याच इमारतीसमोर बसवण्यात आला, कारण जवळच्या स्टीव्हन्टन गावात वाढलेली ही लेखिका तरुणपणी बेसिंगस्टोकच्या नृत्यसभांना येत असे. स्थानिक इतिहासप्रेमींनी वृद्ध रहिवाशांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि घराघरांतल्या पेट्यांमधून छायाचित्रे गोळा केली. २०००मध्ये गावाच्या पश्चिमेला ‘माइलस्टोन्स’ हे संग्रहालय उघडले. एका विशाल छपराखाली तिथे जुने रस्ते उभारले आहेत, फरसबंदीवर थॉर्नीक्रॉफ्टचे ट्रक उभे आहेत, आणि १९४०च्या दशकातल्या मिठाईच्या दुकानात रेशनच्या कुपनावर मोजून गोळ्या देतात. नातवंडांना घेऊन आलेल्या आजी-आजोबांना तिथे बोलायला विषय मिळतो, आणि त्यासाठी हे संग्रहालय मला मोलाचे वाटते. तरी हॅम्पशायरच्या कोणत्याही गावातला म्हणून चालेल असा तो रस्ता आहे, वोट स्ट्रीटचा खालचा भाग नव्हे.

दरम्यान, ज्या केंद्रासाठी पेठ गेली तेही टिकले नाही. वाऱ्यापावसात उघडे असलेले पहिले चौक १९८०च्या दशकात छताखाली घेण्यात आले, आणि पुढे मधला मोठा भाग पुन्हा नव्याने बांधून २००२मध्ये ‘फेस्टिव्हल प्लेस’ या नावाने खुला झाला. लंडनहून लहानपणी आलेली आणि त्या उघड्या काँक्रीटच्या चौकांत वाढलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे, आणि जुनी छायाचित्रे पाहताना तीही आता ‘इथे होते ते’ म्हणून बोट ठेवते. एका कागद कंपनीसाठी १९७०च्या दशकात अरुप असोसिएट्स या वास्तुरचनाकारांनी उभारलेले, पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्यांवर बागा असलेले कार्यालय गावकरी ‘बेसिंगस्टोकच्या झुलत्या बागा’ म्हणून ओळखतात. त्याला २०१५मध्ये वारसा इमारत म्हणून संरक्षण मिळाले. ती इमारत स्टेशनच्या पूर्वेला, पेठ पाडली गेली त्याच लाटेत उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांच्या रांगेत आहे.