होस्टिंग घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वेबसाइट करून घ्यायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, कुठल्या कंपनीचं होस्टिंग घेऊ?" सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट. (होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला सर्व्हरवर, कायम चालू असणाऱ्या संगणकावर, भाड्याने घेतलेली जागा.) पुष्कळदा प्रश्न येईपर्यंत पैसे भरूनही झालेले असतात आणि मग पुढचे काही दिवस लॉगिन शोधण्यात जातात. म्हणून हे माहितीपत्रक.

आमचे बहुतेक ग्राहक सांगली-मिरज-कोल्हापूर भागातले: हळद-बेदाण्याचे व्यापारी, दवाखाने, क्लासेस, कोकणात होमस्टे चालवणारे. साइट पाच-दहा पानांची, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. खाली लिहिलंय ते अशाच साइटसाठी. रोज शेकडो ऑर्डरी घेणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा हिशेब वेगळा असतो.

दर कसा वाचायचा

जाहिरातीतला दर फक्त पहिल्या मुदतीचा असतो आणि तोही बहुधा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. समजा, महिना ९९ रुपये लिहिलंय. ४८ महिन्यांचे झाले ४,७५२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ५,६०७ रुपये. आता त्याच पानावर तळाशी बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर शोधा. तो महिना ३९९ असेल, तर पाचव्या एकाच वर्षाचे जीएसटीसह ५,६५० रुपये होतात. म्हणजे पहिल्या चार वर्षांना जेवढे गेले, त्याहून थोडे जास्तच. यात फसवणूक नाही, दर लिहिलेला असतो. पण दोन कंपन्यांची तुलना करायची तर नूतनीकरणाच्या दरानेच करा, पहिल्या दराने नको.

'टॉप टेन होस्टिंग' अशा याद्यांवरही फार विसंबू नका. तिथल्या दुव्यावरून कोणी खरेदी केली की यादी करणाऱ्याला बहुतेक वेळा कमिशन मिळतं. शिवाय ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक ही नावं शेजारीशेजारी स्पर्धक म्हणून दिसतात, पण तिन्ही न्यूफोल्ड डिजिटल या एकाच अमेरिकी समूहाची आहेत.

खरेदी करताना सर्व्हरचं ठिकाण विचारलं जातं, तिथे मुंबई किंवा भारत निवडा. इथून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला एका फेरीला साधारण पाव सेकंद लागतो आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. तुमचं गिऱ्हाईक मोबाइलवर, कमी रेंजमध्ये साइट उघडतं. त्याला हा फरक जाणवतो. एसएसएल प्रमाणपत्रासाठी (साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून असतं ते) वेगळे पैसे मोजू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते मोफत देते आणि छोट्या साइटला ते पुरतं. जाहिरातीतल्या 'अनलिमिटेड' या शब्दाला बहुधा फाइलींच्या संख्येची मर्यादा असते, ती अटींमध्ये सापडते. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याची हमी) म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं साइट बंद राहू शकते. तुमच्या कामाला तेवढं चालतं, त्यावरून कंपनी ठरवायची गरज नाही.

बॅकअपबद्दल मात्र नीट विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा अनेकांच्या साइट गेल्याच, पण बॅकअपही तिथेच असलेल्यांचे बॅकअपसुद्धा गेले. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

होस्टिंग चुकलं तर ते बदलता येतं. फाइली आणि डेटाबेस उचलून नव्या सर्व्हरवर ठेवायचे, डीएनएसमध्ये, म्हणजे साइटचं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं याच्या नोंदीत, सर्व्हरचा पत्ता बदलायचा. लॉगिन हातात असतील तर एक-दोन दिवसांचं काम. अडतं ते डोमेनपाशी, म्हणजे तुमच्या नावाच्या डॉट कॉम किंवा डॉट इन पत्त्यापाशी.

होतं असं. होस्टिंगसोबत 'डोमेन मोफत' मिळतं म्हणून कोणीतरी ते घेऊन टाकतं. कधी पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा, कधी दुकानात संगणक बघणारा मुलगा, कधी आधीचा डिझायनर. खातं त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तीन वर्षांनी भाचा परदेशात, मुलाने नोकरी सोडलेली, डिझायनर फोन उचलत नाही. मुदत संपत आल्याची सूचना जाते ती त्यांच्याच इनबॉक्सात. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशातली ही गत आहे.

मग मालक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "साइट माझी आहे, तुम्ही कंपनीला सांगा ना." डोमेन विकणारी कंपनी आमचं ऐकत नाही, आणि तिने ऐकूही नये. उद्या कोणीही फोन करून तुमचं डोमेन मागितलं, तर ते देऊन टाकावं का? खात्यावर ज्याचं नाव, त्याच्याच ईमेलवरून विनंती जावी लागते. नाहीतर ओळखपत्रं, बिलं, पत्रव्यवहार. तंटा सोडवायची रीतसर व्यवस्थाही आहे. डॉट इनसाठी निक्सी या डॉट इन नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या धोरणाखाली लवाद नेमला जातो. पण तिथे त्या नावावर आपला हक्क सिद्ध करावा लागतो आणि दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलेला छोटा व्यापारी क्वचितच भेटतो.

मुदत उलटून गेली तर घाई आणखी वाढते. डॉट कॉमच्या बाबतीत कंपनीने दिलेली सवलतीची मुदत संपून नाव रद्द झालं की ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते नाव बाजारात कोणालाही खुलं होतं. साइनबोर्डवर, बिलबुकावर, बेदाण्याच्या खोक्यांवर छापलेला पत्ता त्या दिवशी दुसऱ्याचा होऊ शकतो. नवीन डॉट कॉम घेतल्यावर पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवताही येत नाही, म्हणून "आत्ता घेतो, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे आणतो" हेही जमत नाही.

ईमेलही याच फेऱ्यात सापडतं. दुकानाच्या नावाचा ईमेल त्याच होस्टिंगवर असेल आणि कोणी घाईत, ईमेलची नोंद न पाहता डीएनएस बदलला, तर साइट नव्या सर्व्हरवर छान उघडते, पण ऑर्डरीचे मेल यायचे थांबतात. दोन-चार दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

आम्ही काय करतो

काम सुरू करण्याआधी आम्ही डोमेनचं लॉगिन तपासायला लावतो, तेही तुमच्या समोर, तुमच्या फोनवर ओटीपी मागवून. काहींना ही अडवणूक वाटते. "आधी डिझाइन तर दाखवा" असं म्हणतात. तरी आम्ही या बाबतीत हटत नाही, कारण तयार साइट लॉगिनअभावी अडकून पडली की त्रास दोघांनाही होतो. डोमेन आम्ही आमच्या खात्यावर कधीच घेत नाही. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावरून. उद्या आमच्याशी पटलं नाही तर तुम्हाला मोकळेपणाने दुसरीकडे जाता आलं पाहिजे.

होस्टिंग तुम्ही स्वतः घ्या किंवा आमच्याकडून. आमचा दर जाहिरातीतल्या दरापेक्षा जास्त आहे, हे आम्ही आधीच सांगतो. तो पहिल्या वर्षी जेवढा तेवढाच दुसऱ्या वर्षी. सर्व्हर मुंबईत, बॅकअपची रोजची प्रत दुसऱ्या शहरात, आणि साइट बंद पडली तर चॅटवर इंग्रजीत टाइप करत बसण्याऐवजी फोन करून मराठीत सांगता येतं. ज्यांच्या घरी हे सगळं सांभाळणारं कोणी आहे, त्यांनी थेट कंपनीकडून घेतलं तरी काही बिघडत नाही. आम्ही त्यावरही साइट बसवून देतो.

पैसे भरायच्या आधी कार्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवा. नूतनीकरणाचा दर, सर्व्हरचं ठिकाण आणि कार्टमध्ये आपोआप जोडलेल्या नको त्या गोष्टी आम्ही पाहून सांगतो. होस्टिंग कोणाकडूनही घ्या, हे पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. आणि डोमेन आधीच घेतलेलं असेल, तर आजच त्यात लॉगिन करून पाहा. लॉगिन होत नसेल, तर ज्याने ते घेतलं त्याला फोन करा, तो अजून फोन उचलतो आहे तोवर.