युक्रेनची शस्त्रे, अमेरिकेची महागाई आणि एक हिशेब

मे २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने युक्रेनसाठी सुमारे ४० अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा तिथल्या दुकानांत तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर मिळत नव्हती. जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, म्हणजे चाळीस वर्षांतला उच्चांक. पेट्रोल गॅलनमागे पाच डॉलरच्या वर. ‘आधी घरचं बघा’ ही ओरड तेव्हा जोरात सुरू झाली. कनिष्ठ सभागृहात त्या वेळी विरोधात ५७ मते पडली होती. एप्रिल २०२४ मधल्या सुमारे ६१ अब्जांच्या तरतुदीला ती ११२ झाली.

वाद जुनाच. १९४१ मध्ये दोस्त राष्ट्रांना उसनवारीवर शस्त्रे देतानाही तो झाला, १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानला ४० कोटी डॉलर देतानाही. (आपल्याकडे अमेरिकी लष्करी मदत म्हटली की पाकिस्तानला मिळालेले पॅटन रणगाडेच आठवतात, ते साहजिकच आहे.) युक्रेनच्या बाबतीत मात्र सगळ्यात मोठा घोळ ‘दिले’ म्हणजे नेमके काय दिले, यावरच झाला.

मंजूर रकमांत आर्थिक आणि मानवतावादी मदतही होती. शस्त्रांपुरते बोलायचे तर त्यांतली बरीचशी थेट अमेरिकी लष्कराच्या गोदामांतून गेली. १९६१ च्या परकीय मदत कायद्याने राष्ट्राध्यक्षांना तसा अधिकार दिला आहे. एरवी त्याची मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलर. २०२२ साठी संसदेने ती ११ अब्जांवर नेली. रिकामी झालेली गोदामे भरायचा पैसा वेगळा, आणि तो बहुतांशी अमेरिकी कारखान्यांनाच मिळतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा तोफगोळ्यांचा कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. युद्धाच्या सुरुवातीला १५५ मिलिमीटरचे गोळे देशभरात महिन्याला सुमारे १४ हजार बनत. पुढे उद्दिष्ट एक लाखाचे ठेवले गेले.

आता गोदामातल्या जुन्या क्षेपणास्त्राची किंमत किती धरायची? तसेच नवे घ्यायला लागतील तेवढी, की घसारा वजा जाता वहीत उरते तेवढी? घरातला दहा वर्षांचा फ्रिज भाच्याला दिला आणि खर्चात नव्या फ्रिजचा आकडा लिहिला, तसे काहीसे संरक्षण खात्याने केले होते. मे २०२३ मध्ये तीन अब्ज डॉलरची ‘चूक’ बाहेर आली. जूनमध्ये ती ६.२ अब्जांची निघाली. म्हणजे संसदेकडे न जाता तेवढीच आणखी शस्त्रे पाठवायची मुभा मिळाली. पुस्तकी किंमत धरणेच नियमाला धरून होते, हा खुलासा चुकीचा म्हणता येत नाही. पण मोठ्या आकड्याच्या घोषणांवर आधी वाहवा मिळवायची आणि मर्यादा जवळ आली की आकडा आक्रसायचा, हे लोकांच्या नजरेत आले. त्यातही वेळ अशी, की त्याच दिवसांत कर्जमर्यादेवरच्या तडजोडीत सरकारी अन्नसाहाय्यासाठी कामाची अट ४९ ऐवजी ५४ वर्षे वयापर्यंत लागू करायचे ठरत होते.

ऑगस्टमध्ये हवाई राज्यातल्या माउई बेटावरचे लाहायना हे गाव वणव्यात जळून खाक झाले आणि तिथल्या कुटुंबामागे ७०० डॉलरच्या सरकारी मदतीची युक्रेनच्या अब्जांशी तुलना सुरू झाली. ते ७०० डॉलर म्हणजे तातडीची पहिली मदत होती, घरभाडे आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे होते. पण एवढे ऐकून घ्यायला कुणी थांबले नाही.

या भांडणात एक तारीख फारशी कुणी काढत नाही. मुलांमागे दरमहा घरी येणारी वाढीव करसवलत डिसेंबर २०२१ मध्येच बंद पडली होती. युद्ध सुरू झाले २४ फेब्रुवारी २०२२ ला. ती सवलत युक्रेनने खाल्ली नव्हती; सत्ताधारी पक्षाला आपल्याच सिनेटरांची मते जमवता आली नाहीत.

२०२५ मध्ये नव्या प्रशासनाने मार्चमध्ये काही दिवस शस्त्रपुरवठा थांबवला. जुलैत नवी व्यवस्था आली : पैसे युरोपीय देशांनी मोजायचे, शस्त्रे अमेरिकेने द्यायची. मधल्या काळात युक्रेनसाठी मोठी नवी तरतूद झाली नव्हती. तरी त्याच जुलैच्या सुरुवातीला सही झालेल्या कायद्याने गरिबांच्या आरोग्य आणि अन्न योजनांना मोठी कात्री लावली.