लाल इस्पिक

पत्त्यांच्या कॅटात गुपचूप काही खोटी पानं घुसडायची. इस्पिकची छक्की लाल, बदामाची तिर्री काळी. मग एकेक पान निमिषभर डोळ्यांसमोर चमकवायचं आणि विचारायचं, काय दिसलं?

जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीचं पान ओळखायला लोकांना सरासरी २८ मिलिसेकंद पुरत होते, खोट्या पानाला ११४. म्हणजे चौपट. पण खरी गंमत चुकलेल्या उत्तरांत आहे. काळा बदाम पाहून लोक बेधडक ‘इस्पिक’ म्हणत. काहींना लाल इस्पिक जांभळं किंवा तपकिरी दिसलं. छापील पानात नसलेला रंग मेंदूने तडजोड म्हणून कालवला! एकजण तर इतका गोंधळला की इस्पिक दिसतं कसं, हेच त्याला सांगता येईना. मात्र एकदा एक खोटं पान पकडलं की पुढची पकडायला कमी वेळ लागे.

‘बदल स्वीकारा, नव्या संधींसाठी मन खुलं ठेवा’ हा सल्ला ऐकला की मला ही पानं आठवतात. सल्ला देणारे असं धरून चालतात, की अनपेक्षित गोष्ट दार वाजवते आणि उघडायचं की नाही, एवढंच आपण ठरवायचं असतं. बहुतेकदा ती वाजलेलीच कळत नाही. कळली, तर कटकट वाटते.

तज्ज्ञांचंही तेच होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र दडवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावरून फिरली होती. तज्ज्ञांना हसण्याआधी हेही सांगितलं पाहिजे की सामान्य माणसांच्या गटात तो एकालाही दिसला नाही.

कधी डोळ्याऐवजी नियम आड येतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन यांना जठराच्या नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे जिवाणू दिसत होते, पण ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हते. जिवाणू वाढवायच्या बशा दोन दिवस ठेवायच्या आणि टाकून द्यायच्या, असा शिरस्ता होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काही बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढले. पुढे अल्सरचं कारण सापडलं, २००५ मध्ये वॉरेन आणि त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांना नोबेल मिळालं. हा निव्वळ योगायोग, असं म्हणायला मी तयार नाही. त्या बशांची कोणीतरी वाट पाहत होतं.

या बाबतीत माझं आवडतं उदाहरण जोसलिन बेल यांचं. १९६७ मध्ये केंब्रिजला त्या पीएच.डी. करत होत्या. क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या अतितेजस्वी आकाशस्थ वस्तू, शोधण्यासाठी अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या खांब-तारांच्या कामात बेल स्वतः राबल्या होत्या. दुर्बीण रोज सुमारे ३० मीटर कागद ओकायची आणि त्यावरची शाईची रेघ बेल डोळ्यांनी तपासायच्या. क्वेसारची थरथर कशी दिसते, जवळपासच्या यंत्रांचा खरखराट कसा दिसतो, हे त्यांना पाठ झालं. म्हणूनच जेमतेम अर्धा सेंटीमीटरची एक खरड त्यांना खटकली. ती दोन्हींत बसत नव्हती.

‘असेल काहीतरी’ म्हणून ती सोडून देणं सहज शक्य होतं. बेलनी जुने कागद पुन्हा काढले. खरड आकाशाच्या त्याच भागातून आधीही आली होती. २८ नोव्हेंबरला कागद जोरात पळवून ती मोठी करून पाहिली, तेव्हा दर १.३३ सेकंदांनी एक ठोका, घड्याळासारखा. इतका नेमका, की ह्यूइश यांना आधी तो मानवनिर्मितच वाटला. गमतीने त्याला ‘लिटल ग्रीन मेन’ म्हणजे परग्रहावरची हिरवी माणसं असं नाव पडलं. (पुढे हे ठोके ‘पल्सार’ नावाच्या ताऱ्याचे ठरले. नोबेल १९७४ मध्ये मिळालं ते ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना, बेलना नाही. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.)

बेल मात्र वैतागल्या होत्या. आपण पीएच.डी. करायला बघतोय आणि या हिरव्या माणसांना आपलीच दुर्बीण सापडली! ख्रिसमसच्या सुटीआधी त्या कागदांचा ढीग उपसत बसल्या होत्या, तेव्हा आकाशाच्या अगदी वेगळ्या कोपऱ्यात तशीच खरड दिसली. या वेळी ओळखायला वेळ लागला नाही. तो भाग पहाटेच्या सुमारास दुर्बिणीसमोर येणार होता. कडाक्याच्या थंडीत दुर्बीण धड चालत नव्हती. बेलनी तिच्यावर फुंकर मारली, शिव्या घातल्या आणि जेमतेम पाच मिनिटं ती सुरळीत चालली. तेवढ्यात कागदावर ठोके उमटले, या वेळी १.२ सेकंदांच्या अंतराने.