थर्मोपिलीचा समुद्र कुठे गेला?

झॅक स्नायडर यांचा '३००' हा चित्रपट २००७ साली जगभर प्रदर्शित झाला, आणि थर्मोपिलीच्या लढाईचे जे चित्र आज अनेकांच्या मनात आहे ते बव्हंशी त्यानेच घडवले आहे: तांबूस आकाश, काळाभोर कडा, खाली खवळलेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर उघड्या छातीने लढणारे स्पार्टाचे सैनिक. हा कडा आणि हा समुद्र ग्रीसमधले नाहीत. घोडेस्वारांचा एक प्रसंग वगळता चित्रीकरण कॅनडातील माँट्रिआल येथे स्टुडिओत, मुख्यतः निळ्या पडद्यासमोर झाले आणि भूप्रदेश नंतर संगणकावर रचला गेला. चित्रपटाने सैनिकांची चिलखते उतरवली याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्याहून रंजक वाटतो तो या भूप्रदेशाचा प्रश्न. कारण तो कडा मनात ठेवून आज प्रत्यक्ष थर्मोपिलीला जाणाऱ्याला समोर दिसते सपाट मैदान, शेते आणि महामार्ग. समुद्र तिथून काही किलोमीटर दूर आहे.

मग चित्रपटातला समुद्र निव्वळ कल्पना समजायचा का? तसे नाही. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सम्राट झर्क्सिसच्या इराणी फौजेला स्पार्टाचा राजा लिओनिडास याने येथे अडवले, त्या लढाईचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केले आहे. त्याच्या मते मधल्या भागात वाट सुमारे १५ मीटर रुंद होती, तर तिच्या दोन्ही टोकांना जेमतेम एक गाडी जाईल एवढीच जागा होती. रेटारेटीत बरेच इराणी सैनिक समुद्रात पडून बुडाले, असेही तो सांगतो. मराठी वाचकाला येथे साहजिकच घोडखिंड आठवेल, परंतु दोन्ही जागांच्या रचनेत मोठा फरक आहे. घोडखिंडीत दोन्ही बाजूंना खडक आहे. थर्मोपिलीला दक्षिणेकडे कालिद्रोमो पर्वत आणि उत्तरेकडे पाणी व दलदल होती. एका बाजूची भिंतच पाण्याची असल्यामुळे, पाणी हटले की वाटेचा अरुंदपणाही संपणार होता.

तसेच घडले, आणि ते घडवले मुख्यतः स्पर्खिओस नदीने. पश्चिमेकडच्या डोंगरांतून येणारी ही नदी मालियाकोस आखाताला मिळते. हे आखात म्हणजे भूकवचातील भेगांलगत जमीन खचून तयार झालेला खोलगट भाग असून तो उथळ आणि बराचसा बंदिस्त आहे, त्यामुळे नदीने आणलेला गाळ खुल्या समुद्रात वाहून न जाता तिथेच साचत राहतो. शेवटच्या हिमयुगानंतर वाढत गेलेली समुद्रपातळी साधारण सहा हजार वर्षांपूर्वी बरीचशी स्थिरावली, आणि तेव्हापासून त्रिभुज प्रदेश पूर्वेकडे सरकू लागला. हेरोडोटसच्या काळी दिरास, मेलास आणि असोपोस या छोट्या नद्या स्पर्खिओसपासून वेगळ्या वाहत समुद्राला मिळत. आज त्या तिच्या उपनद्या आहेत, कारण त्यांची जुनी मुखे आता जमिनीच्या आत, किनाऱ्यापासून दूर पडली आहेत.

१९८०च्या दशकात भूशास्त्रज्ञ जॉन क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मैदानात विंधनछिद्रे घेतली, तेव्हा सागरी गाळ, दलदलीचे थर, डोंगरावरून वाहून आलेली दगडमाती आणि गरम झऱ्यांनी साचवलेला चुनखडक असे थर एकावर एक आढळले. लढाईच्या वेळची जमीन आजच्या पृष्ठभागाखाली काही ठिकाणी २० मीटरपर्यंत खोल असावी, असा निष्कर्ष त्यांनी १९८७ मध्ये मांडला.

चुनखडक साचवणारे हे झरे आजही वाहतात. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भूभेगेतून सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाचे, गंधकाचा वास असलेले पाणी वर येते. वर आल्यावर दाब घटल्यामुळे त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट खडकाच्या रूपाने मागे राहते. या झऱ्यांचा युद्धासाठीही उपयोग झाला होता: ग्रीसमधल्याच थेसली प्रदेशाच्या आक्रमकांना रोखण्यासाठी शेजारच्या फोकिस प्रदेशातील लोकांनी वाटेवर भिंत बांधली आणि हे गरम पाणी मुद्दाम वाटेवर सोडले, म्हणजे जमिनीत घळी पडून चाल करणे कठीण व्हावे. स्पार्टाच्या राजाने ४८० मध्ये हीच जुनी भिंत डागडुजी करून वापरली. चित्रपटातील मृतदेहांच्या भिंतीपेक्षा हा तपशील मला कितीतरी विलक्षण वाटतो.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्याला रोखण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या तुकड्या याच परिसरात उभ्या राहिल्या, तेव्हा मूठभर माणसांनी अडवावी अशी वाट समुद्रकाठी उरलीच नव्हती. त्यांना पुढचे रुंद मैदान तोफांच्या माऱ्याखाली ठेवावे लागले.

पुरातत्त्वज्ञांची अडचणही याच गाळातून निर्माण झाली आहे. स्पिरिदोन मारिनातोस यांना १९३९ मध्ये कोलोनोस टेकडीवर मोठ्या संख्येने बाणांची टोके सापडली. त्यांतील बरीच इराणी धाटणीची आहेत, म्हणून ग्रीकांचा अखेरचा प्रतिकार येथेच झाला असे सामान्यतः मानले जाते. टेकडी गाळाच्या वर राहिल्याने हे अवशेष हाती आले. पहिले दोन दिवस ज्या वाटेवर लढाई झाली, तिची जमीन मात्र बऱ्याच ठिकाणी त्या थरांखाली आहे.