तार पोहोचत नाही तिथे बुडबुडा पोहोचतो

मेच्या पहिल्या आठवड्यात नाना गाडी ढकलत जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या घरी आले. अडीच महिने लेकीकडे नाशिकला होते, तेवढे दिवस गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी. "चालू व्हस, पन लगेच बंद पडी जास," ते म्हणाले. मी चोक ओढून किक मारली, गाडी सुरू झाली. चोक खाली केला, दोन आचके देऊन बंद. एवढ्यावरून दुखणं कुठे आहे ते जवळजवळ ठरतं. चोक ओढला की हवा अडते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं, म्हणून इंजिन चालतं. चोक सोडल्यावर इंजिनाला कार्बोरेटरमधल्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या, स्लो जेटमधून येणाऱ्या पेट्रोलवर जगायचं असतं, आणि तेच येत नसतं. असा तुंबलेला जेट मी तारेने कोरत नाही, पाण्यात बुडबुडे उठवणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतो.

हा स्लो जेट हातात घेऊन बघण्यासारखा असतो. पितळेचा, करंगळीच्या नखापेक्षा फार मोठा नाही, आणि मधोमध आरपार एक भोक. नानांच्या गाडीतल्या जेटवर 35 आकडा होता, म्हणजे भोक 0.35 मिलिमीटरचं. आपला केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो, तेव्हा पाच केस शेजारीशेजारी ठेवले की भोक भरलं. त्याच्या आतल्या कडेला फक्त 0.025 मिलिमीटरचा थर बसला तरी व्यास 0.30 वर येतो. वाट मात्र व्यासाच्या वर्गाने आकसते, म्हणून पेट्रोलला उरते सुमारे 73 टक्केच जागा. डोळ्यांना न दिसणारा थर गाडी बंद पाडतो तो असा.

थर येतो कुठून? पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक तीस-पस्तीस अंशांना उकळायला लागतात, जड घटक दोनशेच्या पुढे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीला हवेसाठी बारीक नळी ठेवलेली असते, तिच्यातून हलके घटक उडून जातात. मागे राहिलेल्या जड घटकांतले काही रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, मग एकमेकांशी, आणि पिवळट-तपकिरी चिकटा तयार होतो. हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याच्या झाकणाला, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांना जो कीट धरतो, तो अगदी याच रासायनिक क्रियेतून. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी वाटीच्या तळाशी बसलं की धातूवर पांढरी बुकटी येते.

गॅरेजमध्ये यावर नेहमीचा इलाज म्हणजे क्लच वायरचा एक धागा सोडवायचा आणि भोकात घालायचा. मला हे बघवत नाही. वायर पोलादाची, जेट पितळेचा. पोलाद पितळेला ओरखडतं, भोक थोडं मोठं आणि वेडंवाकडं होतं, आणि मग ॲव्हरेज पडलं म्हणून गिऱ्हाईक परत येतं. शिवाय जेट काढून त्यात तार घालता येते, पण कार्बोरेटरच्या अंगातच कोरलेल्या वाटा, ज्या मध्येच वळतात, तिथे तार जातच नाही.

अल्ट्रासॉनिक मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते गॅरेजमध्ये नव्हे, जळगावच्या सराफ बाजारात. आईची पोत धुवायला टाकली होती. स्टीलच्या छोट्या टाकीत पाणी, "स्स्स" असा बारीक आवाज, आणि नक्षीच्या खाचांतून काळसर धूर निघावा तसा वर्षानुवर्षांचा मळ निघत होता. कुणी घासत नव्हतं, ब्रश नव्हता. तेव्हापासून हे यंत्र घरी हवं असं डोक्यात होतं. दोन वर्षांपूर्वी तीन लिटरचं घेतलं.

टाकीच्या तळाला बाहेरून सिरॅमिकच्या चकत्या चिकटवलेल्या असतात. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटही खरं आहे: वीज दिली की स्फटिक आकसतो-फुगतो. अशाच गुणाच्या या चकत्यांना सेकंदाला 40,000 वेळा उलटसुलट वीज देतात, त्या तेवढ्याच वेगाने थरथरतात आणि तळ पाण्याला ढकलतो-ओढतो. आपला कान 20,000 च्या पुढचं ऐकत नाही. "स्स्स" जे ऐकू येतं ते पुढच्या गडबडीचं.

ढकलल्यावर पाणी दाबलं जातं, ओढल्यावर ताणलं जातं. ताण पुरेसा झाला की पाणी जागोजागी फाटतं आणि सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. त्या काही फेऱ्यांत वाढत केसाच्या जाडीच्या आसपास पोहोचतात, आणि पुढच्या दाबाला कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगवान जहाजांच्या पाण्याखालच्या पंख्यांना हेच बुडबुडे कुरतडत होते. पोकळी कोसळताना पाण्यात केवढा दाब उठतो, याचं गणित इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी 1917 मध्ये मांडलं. कोसळण्याच्या क्षणी बुडबुड्याच्या आतलं तापमान काही हजार अंशांवर जातं, पण इतक्या छोट्या जागेत आणि इतक्या कमी वेळासाठी की टाकीतलं पाणी कोमटच राहतं. बुडबुडा धातूला खेटून असेल तर तो चारी बाजूंनी सारखा कोसळत नाही. धातूकडून पाणी येऊ शकत नाही, म्हणून समोरून पाण्याची एक सुई बुडबुड्याला भेदून पृष्ठभागावर आदळते. मळ उखडतो तो या सुयांनी. ज्याने जहाजाचा पंखा खाल्ला, त्याच मारावर आपण जेट धुतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा टाकीत उभा धरा. बोटं पाण्याबाहेर ठेवा, चिमट्याने धरा. मिनिटभराने तो उजेडात पाहिला तेव्हा आडव्या पट्ट्यांमध्ये टाचणीची भोकं पडली होती, आणि दोन पट्ट्यांमधला भाग जवळजवळ कोरा. पट्टीने मोजलं, अंतर दोन सेंटिमीटरच्या जरा आत. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो. त्याला 40,000 ने भागलं की तरंगाची लांबी 3.7 सेंटिमीटर, तिची अर्धी 1.85. वहीतलं गणित फॉईलवर छापून आलं होतं. तळाकडून जाणारा आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा तरंग मिळून स्थिर पट्टे बनवतात. म्हणून कार्बोरेटर एकाच जागी ठेवून निघून जाऊ नये, दर पाच-सात मिनिटांनी फिरवावा, थोडा वरखाली करावा.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात जास्त चुकते. कार्बोरेटर तसाच बुडवला की आतल्या वाटांमध्ये हवा अडकून राहते. पाण्यातून हवेत शिरताना आवाजाची 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणजे वाटेत हवेचा एक गोळा असेल तर त्यापलीकडे काहीही धुतलं जात नाही. पोकळीचा बुडबुडा मळ काढतो आणि हवेचा बुडबुडा त्याची वाट अडवतो. त्यामुळे कार्बोरेटर पाण्याखाली तिरका करत, उलटा करत, प्रत्येक भोकातून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबायचं. सिरिंजने साबणपाणी आत सोडलं तर उत्तमच.

नळाच्या पाण्यातही हवा विरघळलेली असतेच. ती पोकळ्यांमध्ये शिरते आणि उशीसारखी त्यांचं कोसळणं मऊ करते. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं नुसत्या पाण्यावर चालवायचं. पाणी गरम हवं, 50 ते 60 अंश, त्याने कीट सैल होतो. उकळीच्या जवळ नेलं तर पोकळीत वाफ भरते आणि मार पुन्हा मऊ पडतो.

पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर पुरतं. धुण्याचा सोडा मी सुरुवातीला एका भंगारातल्या कार्बोरेटरवर वापरून पाहिला, त्याचं अंग करडं-काळं पडलं. अंग ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, आणि हे दोन्ही धातू आम्लातही विरघळतात, अल्कलीतही. पितळी भांडी आपण चिंचेने उजळतो, जेट ती सोसेल, अंग सोसणार नाही. आणि पेट्रोल, थिनर, स्पिरिट टाकीत कधीही ओतायचं नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवर पसरून राहते, आणि मशीनमध्ये हीटर आणि वीज दोन्ही आहेत. इथे कसलीही सूट नाही. कार्बोरेटर उघड्यावर रिकामा करून, वारं देऊन मगच घरात आणावा.

नानांचा कार्बोरेटर उघडला तेव्हा वाटीच्या तळाला काकवीसारखा थर होता. हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत बसतो ते मोजून भिंतीवर खडूने लिहिलं, नाहीतर नंतर स्लो, म्हणजे रेस न देता चालणारं इंजिन, जुळवायला अर्धा दिवस जातो. फ्लोट, रबरी रिंगा, नीडल बाजूला. जेट काचेच्या पेल्यात साबणपाण्यात घालून पेला टाकीत ठेवला, काचेतून आवाज आरामात जातो. अंग जाळीच्या टोपलीत, तळाला न टेकवता. तीन-चार मिनिटं काही दिसलं नाही. मग स्लोच्या वाटेच्या तोंडातून एक तपकिरी धागा बाहेर आला, चहाची पुरचुंडी गरम पाण्यात सोडावी तसा, आणि लांबत लांबत पाण्यात मिसळला. नाना खुर्ची ओढून टाकीजवळ बसले ते उठलेच नाहीत.

मधे फिरवत एकूण 25 मिनिटं. आमच्या बोअरचं पाणी जड, सुकलं की चुन्याचे डाग सोडतं आणि तो चुना पुन्हा जेटातच बसणार. म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने, आणि लगेच सायकलच्या पंपाने प्रत्येक वाटेत हवा. जेट सूर्याकडे न धरता पांढऱ्या भिंतीकडे धरून पाहिला. भोक गोल, कडा स्वच्छ.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. चोक खाली केला, स्लोवर पाच मिनिटं चालू ठेवली, बंद पडली नाही. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं, हे मी नानांना दोनदा सांगितलं.

आठ दिवसांनी ते परत आले, यावेळी फवारणी पंपाचं पितळी नोझल घेऊन. आधी तीनदा साबणाने धुवायला लावलं, मग वेगळ्या पेल्यात ठेवलं. खुर्ची नानांनी आधीच ओढून ठेवली होती.